गुलाबाच्या नावाने विकले गेलेले वऱ्हाडचे गवत

एकोणिसाव्या शतकातील कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचे इस्तंबूल. अत्तराच्या बाजारात एक व्यापारी पसरट भांड्यात फिकट पिवळे तेल उन्हात ठेवून त्याचा रंग उडण्याची वाट पाहतो आहे. हे तेल पुढे गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाईल. ते अत्तर पॅरिस-लंडनच्या दुकानांत ‘अस्सल तुर्की गुलाब’ म्हणून विकले जाईल, आणि ते मनगटावर लावणाऱ्याला आपण एका गवताचा अर्क अंगावर मिरवीत आहोत याची कल्पनाही असणार नाही. हे गवत तुर्कस्तानात उगवत नव्हते. ते सातपुड्याच्या उतारांवर, निमाड, खानदेश आणि वऱ्हाडच्या माळांवर उगवत होते.

या गवताचे नाव रोशा. विदर्भात त्याला तिखाडी म्हणतात. पान चावून पाहिले की नावाचे कारण जिभेला कळते. भावप्रकाशाच्या निघंटूत त्याची कत्तृण, रौहिष, सौगंधिक, धूपगंधिक अशी नावे येतात. आपल्या वैद्यांना त्याचा गंध केव्हापासून ठाऊक होता हे सांगायला ही शेवटची दोन नावे पुरेशी आहेत. पावसाळा सरता सरता पुरुषभर उंचीचे हे गवत फुलोऱ्यावर येते, आणि अचलपूरहून मेळघाटाकडे चढताना त्याच्या पट्ट्यातून चालणाऱ्याच्या कपड्यांना त्याचा वास चिकटतो. गुरे ते आवडीने खातात. मात्र मग दुधाला आणि लोण्यालाही तोच वास येतो, अशी नोंद अठराव्या शतकाच्या अखेरीपासून आढळते.

हा वास नेमका कसा? पहिल्या क्षणी गुलाब. मग पिकल्या फळाची, काहीशी नासपतीकडे झुकणारी गोडी. आणि तळाशी वाळल्या गवताची कोरडी ऊब. रसायनशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर चांगल्या रोशा तेलात पाऊण हिश्श्याहून अधिक, कधी नव्वद टक्क्यांपर्यंत ‘जिरॅनिऑल’ हा द्रव असतो. गुलाबाच्या तेलातही तो एक मुख्य घटक आहे. फळाची गोडी येते ती त्याच्याच भावंडाकडून, जिरॅनिल ॲसिटेटकडून. भारतीय अत्तरात अशा उडत्या गंधाला धरून ठेवण्यासाठी चंदनाच्या तेलाची बैठक देण्याची जुनी रीत आहे. चंदनाच्या लाकडी, शांत तळावर हे फळासारखे गोड तेल बसले की तयार होणारे अत्तर कानामागे लावलेला फाया संध्याकाळपर्यंत टिकवून ठेवते.

अत्तर अंगाला लावणे हा वऱ्हाडात कधीच केवळ शौक नव्हता. दरबार संपल्याची खूण म्हणजे अत्तर-गुलाब आणि पानसुपारी. पाहुण्याच्या हाताला अत्तर लागले की त्याने निरोप समजावा, असा संकेत मोगल, निजामशाही आणि पेशवाई या साऱ्या दरबारांत रुळलेला होता. लग्नमंडपात गुलाबदाणीने शिंपलेले पाणी, हळदीकुंकवाला मनगटावर ओढलेली अत्तराची रेघ, देवापुढचे अष्टगंध, उरुसातील ‘संदल’, म्हणजे दर्ग्याकडे मिरवत नेलेला चंदनाचा लेप: प्रत्येक घटकाला एक अर्थ होता. चंदन शीतलतेचे, गुलाब सन्मानाचे. उस्मानी तुर्कांच्या जगात तर गुलाब थेट पैगंबरांची खूण मानला जाई आणि मौलूदच्या मजलिशीत गुलाबजल शिंपडले जाई. म्हणूनच गुलाबाच्या जागी गवत आले, तेव्हा एका सुगंधाबरोबर एका प्रतीकाचीही अदलाबदल होत होती.

वऱ्हाडच्या गंधाची सर्वांत सुंदर जुनी नोंद मात्र रोशाची नाही, फुलाची आहे. १४९० मध्ये फतहुल्ला इमादुल्मुल्कने वऱ्हाडात इमादशाही स्थापन केली आणि एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, राजधानीचे शहर झाले. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने ते राज्य गिळले आणि १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांकडे गेले. अबुल फजलचा ‘आईन-ए-अकबरी’ सिद्ध झाला तो याच सुमारास. सुभा हाती येऊन जेमतेम एक-दोन वर्षे झालेली, सीमेवर धामधूम चालू, शाहजादा मुराद अकोल्याजवळच्या बाळापूरच्या परिसरात तळ देऊन बसलेला. आणि अशा वेळी अबुल फजल एलिचपूरविषयी लिहिताना आवर्जून सांगतो की येथे जमिनीलगत उमलणारे एक अत्यंत सुवासिक फूल होते. हा आपला भुईचाफा. महसुलाच्या आकड्यांनी भरलेल्या ग्रंथात जमिनीतून थेट उगवणाऱ्या फुलाला जागा मिळावी, याचे आश्चर्य वाटू नये. अकबराच्या दरबारात सुगंधाचे स्वतंत्र खाते होते आणि त्याच ग्रंथात अत्तरद्रव्यांच्या किमतींची यादीही आहे.

पुढे जहांगीरच्या काळात गुलाबाच्या अत्तराचा बोलबाला झाला. नूरजहानची आई अस्मत बेगम गुलाबजल काढीत असताना गरम गुलाबजलावर साय धरल्यासारखे तेल तरंगताना तिने पाहिले आणि ते वेगळे काढले. जहांगीरने आपल्या आत्मवृत्तात हा प्रसंग कौतुकाने नोंदवला आहे. सलीमा सुलतान बेगमने त्याला ‘इत्र-ए-जहांगिरी’ हे नाव दिले. हे अत्तर किती महाग, याचा अंदाज आजच्या हिशेबानेही करता येतो: एक किलो गुलाबतेलासाठी तीन ते पाच हजार किलो फुले लागतात. रोशाच्या गवताचा हिशेब निराळा. शंभर किलो ओल्या गवतातून सुमारे तीनशे ते पाचशे ग्रॅम तेल निघते, आणि गवत पेरावे लागत नाही, खुडावे लागत नाही; कोयत्याने कापले की झाले. पुढच्या साऱ्या कहाणीची किल्ली या दोन आकड्यांत आहे.

तेल काढण्याची भट्टी पाहिली तर तिच्यात यंत्र म्हणावे असे जवळपास काही नव्हते. ओढ्याच्या काठी दगडांची चूल. तिच्यावर लोखंडी किंवा तांब्याचा मोठा हंडा. हंड्यात तळाशी पाणी आणि वर दाबून भरलेल्या गवताच्या पेंढ्या. झाकण पिठाने किंवा मातीने लिंपून बंद केलेले, आणि त्यातून निघालेली बांबूची नळी, वाफ निसटू नये म्हणून सुतळीने घट्ट गुंडाळलेली. नळीचे दुसरे टोक तांब्याच्या भांड्यात, आणि ते भांडे ओढ्याच्या वाहत्या पाण्यात बुडवलेले. वाफ गार होई, पाणी आणि तेल भांड्यात उतरे, तेल वर तरंगे, ते काढून घ्यायचे. वाहते पाणी हाच शीतक. म्हणून भट्टी गवताकडे जात असे, गवत शहराकडे येत नसे. हंगाम भाद्रपद-आश्विनापासून थंडी पडेपर्यंतचा. नंतर गवत वाळते, ओढेही आटतात.

येथे एक बारकावा आहे. भट्टीवाले दोन प्रकारचे रोशा ओळखत: मोतिया आणि सोफिया. मोतियाचे तेल गोड, गुलाबासारखे आणि महाग; सोफियाचे उग्र, आल्याच्या वासाकडे जाणारे आणि स्वस्त. युरोपच्या बाजारात पहिले ‘पामारोझा’ झाले आणि दुसरे ‘जिंजरग्रास’. आता हे दोन प्रकार म्हणजे काय? एकोणिसाव्या शतकातील सरकारी नोंदी सांगत की गवत एकच. कोवळे, निळसर तुऱ्याचे असताना ते मोतिया आणि पिकून तांबूस झाले की सोफिया. हा समज दीर्घकाळ चालला. १९०६ मध्ये लंडनजवळच्या क्यू उद्यानातील ऑटो स्टाफ यांनी भारत आणि श्रीलंकेतील सुगंधी गवतांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत कलकत्त्याच्या आयझॅक बर्किल यांनी दाखवून दिले की मोतिया आणि सोफिया हे वयाचे टप्पे नव्हेत, तर दोन वेगळे वाण आहेत. मोतियाला निचऱ्याचा कोरडा उतार आवडतो, सोफिया सखल आणि ओलसर जागी वाढतो. दिसायला मात्र दोन्ही इतके सारखे की वनस्पतिशास्त्रज्ञालाही पटकन सांगता येऊ नये. तुऱ्याचा रंग पाहण्यात गुंतलेल्यांची त्यात फसगत झाली. नाक मात्र फसत नव्हते, आणि बाजारात दोन भाव होते ते नाकाच्याच आधारावर.

गवताच्या शास्त्रीय नावाची गोष्टही अशीच वळणाची. लखनौचा प्रसिद्ध फ्रेंच सेनानी क्लॉड मार्टिन, ज्याच्या पैशातून पुढे ला मार्टिनियर शाळा उभ्या राहिल्या, तो १७९०-९२ च्या तिसऱ्या म्हैसूर युद्धात टिपूविरुद्धच्या फौजेबरोबर दक्षिणेत गेला होता. तेथील बालाघाटाच्या, म्हणजे घाटावरच्या डोंगराळ मुलखात (मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्हा नव्हे) त्याला हे गवत दिसले. त्याने बी गोळा करून लखनौला लावले आणि त्यातील काही रोपे कलकत्त्यात विल्यम रॉक्सबर्गकडे पोहोचली. रॉक्सबर्गने गवताला मार्टिनचे नाव दिले. आजही ते ‘सिम्बोपोगॉन मार्टिनाय’ आहे. संस्कृत निघंटूत निदान आठ-दहा नावे असलेल्या गवताला एका मोहिमेवरच्या सेनापतीचे नाव चिकटले.

तेलाचे नाव तर त्याहून अधिक हरवले. डोंगरातून हे तेल बैलांच्या पाठीवर खाली येई. १८६७ मध्ये मुंबई-नागपूर लोहमार्ग पुरा झाला आणि अकोला, बडनेरा ही स्थानके मुंबईशी जोडली गेली. कापसाच्या गाठींच्या त्या प्रचंड वाहतुकीपुढे तेलाची भांडी म्हणजे किरकोळ माल. मुंबईत ते कल्हई केलेल्या तांब्याच्या मोठ्या भांड्यांतून जहाजावर चढे आणि तांबड्या समुद्रातील बंदरांकडे, विशेषतः जेद्दाकडे रवाना होई. तेथून अरब व्यापाऱ्यांच्या हातून ते कॉन्स्टँटिनोपलला पोहोचे. तुर्क त्याला ‘इद्रिस यागी’, म्हणजे इद्रिसचे तेल म्हणत. युरोपीय व्यापाऱ्यांनी ते कॉन्स्टँटिनोपलमध्ये विकत घेतले म्हणून त्यांच्या कागदांत ते ‘तुर्की जिरॅनियम तेल’ ठरले. जिरॅनियम हे एक भलतेच झुडूप. त्याचा या गवताशी वासापलीकडे संबंध नाही. इंग्रजी वैद्यकीय लिखाणात ‘ऑइल ऑफ नामार’ असाही शब्द येतो आणि तो निमाडचा अपभ्रंश आहे, एवढीच काय ती भूगोलाची खूण उरली. तुर्की म्हणावे तर तुर्कस्तानचे नाही, जिरॅनियम म्हणावे तर जिरॅनियमचे नाही. फसव्या नावांच्या स्पर्धेत या तेलाला तोड सापडणे कठीण.

कॉन्स्टँटिनोपलमध्ये त्याचा संस्कार होई. लिंबाच्या रसाने आंबवलेल्या पाण्याबरोबर ते घुसळायचे आणि मग उन्हा-हवेत ठेवायचे. गवताचा उग्र पदर कमी होई, रंग फिका पडे आणि गुलाबाशी असलेले साम्य अधिक उठून दिसे. मग ते बाल्कनच्या डोंगररांगेखालील कझानलकच्या गुलाबखोऱ्यात जाई. हे खोरे १८७८ पर्यंत उस्मानी साम्राज्यात होते, आज ते बल्गेरियात आहे. तेथे भेसळीच्या दोन तऱ्हा होत्या. सरळ तऱ्हा म्हणजे तयार गुलाबतेलात रोशाचे तेल ओतणे. दुसरी अधिक धूर्त: भट्टीत घालण्यापूर्वीच पाकळ्यांवर हे तेल शिंपडायचे, म्हणजे दोन्ही एकत्रच वाफेतून येतात आणि मिश्रण एकजीव होते.

खरेदीदारही भोळे नव्हते. अस्सल गुलाबतेल थंडीत गोठते, कारण त्यात मेणासारखा एक अंश असतो. रोशाच्या तेलात तो नसतो. म्हणून कुपी थंड पाण्यात धरून तेल किती अंशांवर गोठते हे पाहण्याची कसोटी रूढ झाली. यावर भेसळ करणाऱ्यांनी काढलेला तोडगा म्हणजे देवमाशाच्या डोक्यातील मेण. ते घातले की मिश्रण पुन्हा वेळेवर गोठू लागे! बल्गेरियाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या तेलाच्या आयातीवर बंदी घातली. ते चोरवाटांनी येतच राहिले. यातला आणखी एक विनोद असा की, भेसळीसाठी वापरले जाणारे हे तेल स्वतःही शुद्ध नसे. भारतातच त्यात खोबरेल, टर्पेंटाइन किंवा खनिज तेल मिसळले जाई. खोबरेलवाला नमुना थंडीत गढूळ होऊन पकडला जाई, म्हणजे ज्या गोठण्याने गुलाब खरा ठरे त्याच गोठण्याने रोशा खोटा ठरे.

याच भारतीय ‘जिरॅनियम’ तेलातून १८७१ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑस्कर याकोबसेन यांनी एक द्रव शुद्ध स्वरूपात वेगळा केला आणि त्याला जिरॅनिऑल असे नाव दिले. सुगंधी रसायनांच्या इतिहासातील हा महत्त्वाचा टप्पा. आज साबणापासून उंची अत्तरापर्यंत जिथे जिथे गुलाबाचा भास निर्माण करायचा असतो, तिथे हा रेणू असतो. पण नाव पाहा: जिरॅनियमवरून. ज्या तेलातून तो प्रथम मिळाला ते जिरॅनियमचे नव्हते, तरी व्यापाऱ्यांची चूक रसायनशास्त्राच्या कोशात कायमची जाऊन बसली. नाव देण्यात सावधगिरी असती तर हा रेणू आज ‘रोहिषॉल’ म्हणून ओळखला जाणे अशक्य नव्हते.

आता एक प्रश्न टाळता येत नाही. गुलाबात आणि गवतात गंध देणारा रेणू तोच असेल, तर मग भेसळ कशाची? वासापुरते पाहिले तर फसवणूक अर्धीच होती. गुलाबतेलात अतिसूक्ष्म प्रमाणात असलेले इतर अनेक घटक त्याला जी खोली देतात ती रोशात नाही, हे खरे. जाणकार नाकाला फरक कळतोच. पण मोठी फसवणूक किमतीत आणि नावात होती. ग्राहकाने गुलाबाचे मोल मोजले. सातपुड्यातल्या उत्पादकाला गवताचे मोल मिळाले. मधला फरक मुंबई, जेद्दा, कॉन्स्टँटिनोपल आणि कझानलक यांच्या दरम्यान वाटला गेला. हे तेल स्वतःच्या नावाने विकले गेले असते, तर ते हलके ठरले असते असे मानण्याचे कारण नाही. विसाव्या शतकात ‘पामारोझा’ हे नाव सुगंध उद्योगात मानाने घेतले जाऊ लागले आणि तेव्हा त्याला गुलाबाचा मुखवटा लागला नाही.

वऱ्हाडचा राजकीय नकाशा या काळात सतत बदलत होता. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. १९०२ च्या कराराने तो कायमच्या भाडेपट्ट्याने इंग्रजांकडे गेला. १९०५ मध्ये स्वतंत्र एलिचपूर जिल्हा मोडून अमरावतीत विलीन करण्यात आला आणि एकेकाळची राजधानी तालुक्याचे गाव होऊन बसली. इंग्रजी कारभाराला वऱ्हाडातून हवा होता तो कापूस. अकोला आणि अमरावतीच्या बाजारपेठा, जिनिंग, प्रेस हे सारे त्याच्यासाठी. डोंगरातला माल वनखात्याच्या कक्षेत गेला. मेळघाटची जंगले राखीव झाली आणि गवतासह प्रत्येक वनोपजाला परवाना, ठेका, मुदत आली. ज्या कोरकूंच्या पायाखाली हे गवत पिढ्यान्‌पिढ्या होते, ते या व्यवस्थेत बहुतेक वेळा मजुरीवर कापणी करणारे हात ठरले. भट्टीला गवताइतकेच जळणही लागते, म्हणजे तेल आणि जंगल यांच्यात एक ताण पहिल्यापासून होताच. १९७४ मध्ये मेळघाट देशातील पहिल्या व्याघ्र प्रकल्पांपैकी एक झाला.

दुसरा धक्का प्रयोगशाळेतून बसला. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर टर्पेंटाइनपासून जिरॅनिऑल मोठ्या प्रमाणात तयार होऊ लागले आणि ज्या रेणूसाठी जग या गवताकडे येत होते, तो रेणू कारखान्यात मिळू लागला. गुलाबाची नक्कल करणाऱ्या गवताची नक्कल झाली. तरीही रोशा नाहीसा झाला नाही. लखनौच्या केंद्रीय औषधी व सगंध वनस्पती संस्थेने ‘तृष्णा’, ‘तृप्ता’, ‘पीआरसी-१’ यांसारखे मोतियाचे लागवडयोग्य वाण काढले आणि डोंगरातले गवत शेतात आले. एकदा लावले की ते काही वर्षे कापता येते आणि हलक्या, कोरडवाहू जमिनीतही तग धरते. अकोल्यात, डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या आवारातील नागार्जुन वनौषधी उद्यान औषधी आणि सुगंधी वनस्पतींसाठीच राखलेले आहे.

ज्यांना हा इतिहास पुस्तकाबाहेर तपासायचा असेल, त्यांना साधन अवघड नाही. अमरावतीत किंवा अकोल्यात अत्तराच्या दुकानी ‘रोशा’ मागावा, आणि शेजारीच खऱ्या गुलाबाच्या कुपीचे झाकण उघडून घ्यावे. एका मनगटावर हे, दुसऱ्यावर ते. सांधे दुखतात म्हणून रोशाचे तेल चोळणारी आजी घरात असेल तर तिलाही हात पुढे करून विचारावे. ती बहुधा पहिल्याच फेरीत ओळखेल. कॉन्स्टँटिनोपलच्या व्यापाऱ्यांनी युरोपला जे वर्षानुवर्षे ओळखू दिले नाही, ते एवढेच होते.